साठ पोती जवस

चपलांचे अंगठे नीट बसवून घ्या. श्रावण लागलाय, रात्रभर पाऊस झालाय, आणि आपण जातोय त्या नागपूरच्या इतवारीतल्या गल्ल्यांना अजून डांबर माहीत नाही. साल १९२५ धरा.

निघण्याआधी उजवा कान जरा माझ्याकडे करा. त्याच्या आत, कवटीच्या हाडात, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा एक बोगदा आहे. त्यातून चार नसा दाटीवाटीनं मेंदूकडे जातात: एक ऐकण्याची, दोन तोल सांभाळणाऱ्या आणि एक चेहरा हलवणारी. तोलाच्या एका नसेच्या आवरणावर मी मुगाच्या दाण्याएवढी गाठ ठेवतोय. दुखणार नाही. न दुखणं हीच तिची खोड आहे. ही कर्करोगाची गाठ नव्हे. ती रक्तातून दुसरीकडे जाणार नाही, कुठे पिल्लं घालणार नाही. वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढेल, कधी वर्षानुवर्षं तेवढीच राहील. झालं. चला.

आधी वास येतो. किराणा ओळीत शिरताच सुक्या मिरचीचा खकाणा नाकात जातो आणि तुम्ही लागोपाठ तीनदा शिंकता. शेजारी हळदीची पोती फुटलीत, जमिनीवर पिवळा चिखल झालाय. गुळाच्या भेल्यांवर माशा नाहीत, तर माशांवर गुळाच्या भेल्या आहेत असं वाटावं इतक्या माशा. मध्येच ओल्या बारदानाचा कुबट वास, घाण्यावरच्या जवसाच्या तेलाचा कडवट वास, बैलाच्या शेणाचा वास. हमालाच्या पाठीचा घाम तुमच्या बाहीला लागतो आणि तो मागे वळूनही बघत नाही. गर्दी तुम्हाला चालवते. पाय फक्त उचलायचे.

तुम्ही एका आडतीवर मुनीम आहात. पांढऱ्या गादीवर मांडी घाला, गुडघ्यावर खातेवही घ्या, बोरू शाईत बुडवा. समोर तराजू चाललाय, तोलणारा ओरडून आकडे सांगतोय, हमाल बैलगाडीतून जवस उतरवतायत. धूळ घशात बसते. तुम्ही लिहिता: आठ पोती.

संध्याकाळी शेठ वही बघतात आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

"मुनीमजी, आठ कशे लिवले? साठ म्हनलं होतं न त्यानं!"

तुम्हाला शपथेवर आठच ऐकू आलं होतं, आणि तुम्ही खोटं बोलत नाही. या गाठीपायी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'स' हा असाच बारीक, शिट्टीसारखा वर्ण. 'साठ'मधला 'स' गळला की उरतो 'आठ'. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. त्यातून आडतीवर शंभर माणसं एकदम ओरडत असली की डावा कान एकटाच दोघांचं काम करत असतो आणि त्याची दमछाक होते. पण हे सगळं मी तुम्हाला आज सांगतोय. त्या गादीवर बसलेल्या तुम्हाला एवढंच वाटतं की लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत.

मग तुम्ही काय करता? नकळत जागा बदलता. गादीच्या उजव्या टोकाला सरकता, म्हणजे सगळी दुनिया डाव्या हाताला येते. जेवताना ताट उलट्या बाजूला मांडून घेता. बायको उजवीकडून "अवं, आयकता का?" म्हणते आणि उत्तर न मिळाल्यावर ताटलीच आपटते. माणूस किती हुशारीनं स्वतःच्या उणिवेभोवती घर रचतो, आणि ते घर त्याचं त्यालाच दिसत नाही. या दुखण्यात वर्षं जातात ती इथेच.

रात्री डाव्या कुशीवर झोपा. चांगला कान उशीत गेला आणि इतवारी विझली. पागोळ्यांचं पाणी थांबलं. गल्लीतली कुत्री थांबली. इतवारी स्टेशनावरून सुटणाऱ्या नॅरोगेजच्या गाडीची शिट्टीही थांबली. एक रातकिडा तेवढा राहिला. कूस बदलली तरी तो आहेच, भिंतीतही नाही आणि अंगणातही नाही. पावसाळा संपेल, हिवाळा येईल, सगळे रातकिडे मरतील, आणि हा एक उजव्या कानात किरकिरतच राहील.

पहाटे एम्प्रेस मिलचा भोंगा होतो. शेजारचा विणकर कामावर निघालाय. त्याला तुम्ही कानाचं सांगता तर तो हसतो. म्हणतो, आमच्या साचेखात्यात या, तिथं सगळेच बहिरे, सगळेच हातवारे करून बोलतात. बिचारा धीर द्यायला म्हणतो, पण इथे जरा थांबा. त्याचे दोन्ही कान सारखेच गेलेत. गोंगाटानं जातात तेव्हा साधारण दोन्ही जातात, म्हातारपणानं जातात तेव्हाही दोन्ही. तुमचा एकच गेलाय. सगळ्या गोष्टीतला महत्त्वाचा धागा हाच, आणि त्या गल्लीत तो कुणाच्याच हाती लागत नाही.

इलाज सुरू होतात. सासूबाई लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात सोडतात. मानेवर ओघळ येतो, वास दोन दिवस जात नाही. कान कोरणारा येतो, पगडीत खोचलेल्या सळ्या काढतो, तुमचं डोकं मांडीवर दाबतो आणि मळाचा गोळा काढून विजयानं तळहातावर दाखवतो. क्षणभर सगळ्यांनाच बरं वाटतं. वैद्यबुवा नाडी धरतात, पित्त सांगतात, मिरची बंद करतात. नागपुरात मिरची बंद! यांतला कुणीही लबाड नाही. दुखणं हाडाच्या आत आहे आणि हात कानाच्या दारापर्यंतच पोचतोय, एवढंच.

आता काही वर्षं पुढं सरकू. मुगाचा वाटाणा झालाय.

अंधार पडल्यावर घरी चालत जा. रस्त्यावरचा रॉकेलचा दिवा वाऱ्यानं विझलाय, पायाखाली चिखल आहे. तुम्ही डुलता. गरगरून पडत नाही, नावेत उभं राहिल्यासारखं होतं. भिंतीला हात लावावा लागतो. तोल आपण तीन ठिकाणांहून घेतो: डोळ्यांनी, तळपायांनी आणि आतल्या कानानं. उजव्या कानाची तोलाची नस हळूहळू मंदावली, पण इतकी हळू की मेंदूनं निमूटपणे बाकीच्यांवर भागवून घेतलं. म्हणून दिवसा काही जाणवत नाही. अंधारानं डोळे काढून घेतले, चिखलानं तळपाय काढून घेतले, की हिशोब उघडा पडतो. ओट्यावर बसलेलं एक पोट्टं ओरडतं, "काका पिऊन आले वाटते!" आयुष्यात थेंबाला न शिवलेले तुम्ही खाली मान घालून घरात शिरता. या दुखण्यातली ही एक वेदना कुठल्याच वैद्यकाच्या पुस्तकात नीटशी सापडत नाही.

आणि मग येतो पोळ्याचा दुसरा दिवस.

सकाळीच गल्लीत पोरं लाकडी बैल फिरवतायत, तान्हा पोळा आहे. घराघरांतून पुरणाचा वास आहे, काल उरलेल्या पुरणाचा. पण सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे आहे. इतवारीतून काळी मारबत निघते आणि जागनाथ बुधवारीकडून पिवळी. बांबू, कागद, चिंध्या यांच्या उंचच उंच बाया, सोबत बडग्यांचे पुतळे, ढोल, ताशे, शिट्ट्या, पिपाण्या आणि माणसं, माणसं, माणसं. छपरांवर माणसं, झाडांवर माणसं. दमट ऊन डोक्यावर, खाली रबरबाट. रोगराई, इडापिडा, सगळं घेऊन जा म्हणून लोक मारबतीला ओरडून सांगतायत. बायका आजारी लेकरांना उचलून तिच्या पायाशी नेतायत. तुम्हीही हात जोडता. कानातला रातकिडा घेऊन जा, एवढंच मागता.

आता ऐका. तुमच्या लेखी सगळं नागपूर डाव्या हाताला आहे. ढोल डावीकडे, ताशा डावीकडे, समोरचा माणूस ओरडला तरी डावीकडे. आवाज कुठून आला ते मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. एका कानाला आवाज दुसऱ्याच्या आधी पोचतो, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळानं आधी, आणि तेवढ्यावर मेंदू दिशा सांगतो. तुमच्याकडे एकच कान. म्हणून टांगेवाला उजवीकडून "बाजू, बाजू!" करत येतो आणि तुम्ही झटकन उजवीकडेच सरता, घोड्याच्या पुढ्यात. घोड्याच्या नाकपुडीची गरम वाफ गालाला लागते. कुणीतरी सदऱ्याला धरून मागे ओढतं.

"आंधळे हाव का बाप्पा?"

डोळे उत्तम आहेत. पण दुसऱ्याच दिवशी घरचे तुम्हाला मेयोला नेतात.

मेयो हॉस्पिटल इतवारीपासून दूर नाही. आज त्याला इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणतात, पण टांगेवाला तेव्हाही मेयोच म्हणायचा आणि रिक्षावाला आजही मेयोच म्हणतो. व्हरांड्यात कार्बोलिकचा तिखट वास आहे. बाकावर खेड्यातून आलेली माणसं भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलीत. रॉबर्टसन मेडिकल स्कूलचे विद्यार्थी वह्या सावरत डॉक्टरसाहेबांच्या मागे चाललेत. तुमचा नंबर येतो.

डॉक्टरसाहेब पोलादी चिमट्यासारखा काटा टेबलावर आपटतात. तो गुणगुणायला लागतो. त्याची दांडी तुमच्या कपाळाच्या मधोमध टेकवतात.

"कुठं आयकू येते?"

"डाव्या अंगानं, साहेब."

थंड पोलाद कपाळाच्या अगदी मध्यावर आहे, तरी आवाज डाव्या कानात जाऊन बसलाय. मळानं किंवा पडद्याच्या दुखण्यानं कान बंद असता तर आवाज उलट त्या बंद कानात जोरात आला असता. चांगल्या कानात गेला, म्हणजे दोष पडद्यात नाही, नसेत आहे. साध्या काट्यानं हाडाआडची गोष्ट सांगितली. या तपासणीला वेबरची चाचणी म्हणतात. ती त्या वेळीही जुनीच होती आणि आजचा डॉक्टरही ती करतो. मग साहेब कापसाची बारीक वात करून डोळ्याच्या बुबुळाला हळूच लावतात. डावीकडे पापणी फटकन मिटते, उजवीकडे रेंगाळते. शेजारून जाणाऱ्या चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेलाही धक्का लागायला लागलाय. शेवटी पाय जुळवून उभं करतात, डोळे मिटायला सांगतात. तुम्ही डुलता आणि दोन विद्यार्थी तुम्हाला सावरतात.

साहेब बराच वेळ गप्प बसतात. नसेचं दुखणं आहे, एवढं त्यांना कळलंय. पुढं करायचं काय?

सातासमुद्रापार बोस्टनला हार्वे कुशिंग नावाचे सर्जन आहेत. १९१७ साली त्यांनी या एकाच गाठीवर जाडजूड पुस्तक लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की रोग्याची कहाणी क्रमानं ऐका: आधी कान, मग तोल, मग चेहरा, मग नजर. क्रम जुळला की गाठ सापडते. त्यांच्या आधी एकेका सर्जनच्या हातून या शस्त्रक्रियेत दहांतले सात-आठ रुग्ण दगावत. १८९५ मध्ये एडिंबराच्या थॉमस अ‍ॅनन्डेल यांनी एका तरुण बाईची गाठ काढली आणि ती वाचली, ही तेव्हा नवलाईच होती. कुशिंग गाठीचं कवच तसंच ठेवून आतला गाभा पोखरून काढतात, आणि त्यांच्या हाती रुग्ण वाचू लागलेत. पण बोस्टन कुठं आणि इतवारी कुठं! आपल्या देशात अजून एकही मेंदूशल्यविभाग उभा राहिलेला नाही. साहेब औषधाची बाटली देतात, त्यावर कागदाची पट्टी चिकटवून मात्रा दाखवलेली आहे. झोप येईल असं काहीतरी असावं. बाहेर पडताना ते तुमच्या खांद्यावर हात ठेवतात.

वाटाण्याचं बोर होईल तेव्हा सकाळी उठल्याबरोबर डोकं फुटेल, ओकाऱ्या होतील, मेंदूतल्या पाण्याची वाट अडेल आणि नजर धुरकट होत जाईल. तिथवर मी तुम्हाला नेणार नाही. त्या काळी कितीएक माणसं तिथवर गेली, घरच्यांनी बाधा समजून लिंबं उतरवली, आणि मरणाचं कारण कुणाला कळलंच नाही. मला त्यांची आठवण ठेवावीशी वाटते. त्यांच्या दुखण्याला निदान नाव तरी मिळायला हवं होतं.

हात धरा, वर येऊ.

वाटेत एक थांबा घेऊ. १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चंडी यांनी देशातला पहिला मेंदूशल्यविभाग सुरू केलाय, पुढच्याच वर्षी मद्रासला बी. राममूर्ती आलेत. नागपूर स्टेशनात ग्रँड ट्रंक एक्सप्रेसच्या डब्यात वळकटी, पाण्याची सुरई, दशम्यांचा डबा आणि एक भेदरलेली आई. या काळात जीव वाचण्याची आशा आहे, पण पुष्कळदा चेहऱ्याची नस हाती लागत नाही आणि माणूस वाकड्या तोंडानं, न मिटणाऱ्या डोळ्यानं परततो. १९६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कानाच्या हाडातून वाट काढली, आणि चेहऱ्याची नस डोळ्यांना नीट दिसायला लागली. गाडी सुटली, आपणही निघू.

आज. नागपूरच. कान तोच, गाठ मुगाएवढी. अंगठी काढा, कडं काढा, गाऊन घाला. खोली थंडगार आहे. दंडाच्या शिरेतून औषध जाईल तेव्हा हात जरा गार वाटेल. नळीत सरकलात की सुरू होतं: ठणठण, ठकठक, खडखड. घाबरू नका, हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. डोळे मिटा आणि इतवारीच्या लोहा ओळीत उभे आहात असं समजा, कुणी पत्रा ठोकतंय, कुणी गज तोडतंय. अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर येता आणि पडद्यावर तो बोगदा दिसतो, आणि त्यात पांढरा चमकणारा मूग. ज्याला कुणाचा हात लागत नव्हता, तो असा समोर.

याला अकूस्टिक न्यूरोमा म्हणायची सवय आहे. खरं पाहता नावातले दोन्ही शब्द चुकलेत. गाठ ऐकण्याच्या नसेची नसते, बहुतेक वेळा तोलाच्या नसेची असते. आणि ती नसेच्या धाग्यांपासून होत नाही, धाग्यांवर आवरण घालणाऱ्या श्वान पेशींपासून होते. म्हणून डॉक्टर वेस्टिब्युलर श्वानोमा लिहितात. दोन्ही कानांत अशा गाठी असतील तर तो बहुधा न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप टू हा जनुकीय आजार असतो, आणि मग घरातल्या इतरांचीही तपासणी करावी लागते.

पुढं काय, हे आता तुम्हाला विचारलं जातं. मेयोच्या त्या बाकावर कुणी विचारलं नव्हतं.

गाठ लहान असेल तर नुसतं लक्ष ठेवता येतं. सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षाला एकदा. हा इलाज नाही असं घरच्यांना वाटतं, काका-मामा फोन करून "काढून टाका एकदाची" म्हणतात. पण बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत, आणि न वाढणाऱ्या गाठीसाठी डोकं उघडणं शहाणपणाचं नाही, असं मला स्पष्ट वाटतं. दुसरा मार्ग किरणांचा. गॅमा नाइफ म्हणतात, पण त्यात सुरी नाही. शेकडो बारीक किरण एका बिंदूवर जुळवतात, आणि बहुधा एकाच बैठकीत काम होतं. १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलात हे यंत्र पहिल्यांदा देशात आलं. गाठ जात नाही, पण दहांतल्या नऊंहून अधिक जणांत तिची वाढ थांबते. तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. मोठ्या, मेंदूला रेटणाऱ्या गाठीला तोच लागतो. आज सर्जन चेहऱ्याच्या स्नायूंना तारा लावून ठेवतात, नसेच्या जवळ हत्यार गेलं की यंत्र आवाज करतं. तरी गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही. हे आधीच माहीत असावं, म्हणजे नंतर कुणाला दोष दिला जात नाही. चेहरा कधी काही महिने ढिला राहतो, डोळ्यात थेंब घालावे लागतात. आणि चालायला पुन्हा शिकावं लागतं: अंगठा डोळ्यांसमोर धरून त्यावरची नजर न हलवता मान हलवायची, मग उभं राहून, मग चालत. मेंदूनं जसं एकदा भागवून घेतलं होतं, तसंच तो पुन्हा शिकतो.

हा आजार विरळाच. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला. एका कानाचं ऐकू येणं कमी झालेल्या बहुतेकांना दुसरंच काही निघतं. पण ते निघावं यासाठीच तपासावं लागतं.

संध्याकाळ झालीय. पुन्हा इतवारीत, तीन नल चौकात या. मिरचीचा खकाणा तोच आहे, शिंकाही त्याच. हॉर्न वाजतायत. डोळे मिटा आणि प्रत्येक हॉर्न कुठून आला ते बोटानं दाखवा. मग घरी जाऊन फोन नेहमीच्या कानाऐवजी दुसऱ्या कानाला लावा आणि बोलणारा 'साठ' म्हणतोय की 'आठ' ते ओळखा. फरक वाटला, एकाच कानात किरकिर असली, अंधारात पाय डगमगत असले, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही कानांचा ऑडिओग्राम करून घ्या, आणि एमआरआयची गरज आहे का हे स्वतः विचारा. कान एका रात्रीत गेला असेल, तर मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.